कूलर, मीटर आणि गोधडी

(कोराडी इथल्या ग्रामसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण)



कोराडीत विजेबद्दल बोलायचं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबा सांगण्यासारखं आहे. महानिर्मितीचे ६६० मेगावॅटचे तीन संच इथेच आहेत. एका युनिटमागे अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जळतो, आणि राखेबद्दल तर मी तुम्हाला काय सांगणार? पण वीज शेजारी तयार होते म्हणून आपलं बिल कमी येत नाही. उन्हाळा लागला की अंतर्गत कर्जाच्या अर्जांत ‘वीजबिल’ हे कारण दिसायला लागतं. जो पैसा शेळीला, शिलाई मशीनला जायचा तो बिलात जातो. म्हणून आज घरी करायचे काही प्रयोग सांगते. सामान घरातलंच आहे.

आधी कूलर. कूलर लावला की आपण दारं-खिडक्या गच्च बंद करतो, गारवा बाहेर जाईल म्हणून. एसीला ते बरोबर आहे, कूलरला नाही. कूलर बाहेरची कोरडी, गरम हवा ओल्या गवतातून ओढतो. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं, म्हणून हवा गार होते. माठ असाच गार होतो. पण ही हवा सोबत ओलावाही आणते. तिला बाहेर जायला वाट नसली की खोली दमट होते, घाम वाळत नाही. मग आपण म्हणतो, “काही कामाचा नाही बाप्पा हा कूलर,” अन् वरून पंखाही लावतो.

करून पाहा. दुपारी कूलर लावून सगळं बंद ठेवा, एक रुमाल भिजवून, पिळून दोरीवर टाका आणि किती वेळात वाळतो ते लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तोच रुमाल, पण कूलरच्या समोरची खिडकी वीतभर उघडी. रुमाल जितका लवकर वाळेल तितका तुमचा घामही. आणि कूलर खोलीच्या आत ठेवला असेल तर तो खिडकीबाहेर काढा. आत ठेवला तर तीच ओली हवा फिरत राहते.

एका गोष्टीचा मात्र प्रयोग करायचा नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पाणी भरायचं काम बहुतेक घरी बाईकडे नाहीतर पोरांकडे असतं. नुसतं बटण बंद करू नका, प्लग काढा, मगच पाणी भरा. अर्थिंग आहे की नाही ते वायरमनकडून तपासून घ्या. दीडशे-दोनशे रुपये वाचवायची ही जागा नाही.

आता मीटर. त्याला हात लावायचा नाही, नुसतं पाहायचं. त्यावर एक लाल ठिपका लुकलुकतो. मीटरवर ३२०० लिहिलं असेल तर तो ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरातलं सगळं बंद करून एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मग फक्त कूलर लावून मोजा, मग फक्त टीव्ही. सगळं बंद असूनही ठिपका चालूच राहिला तर काहीतरी सुरू राहिलंय, नाहीतर वायरिंग दाखवायला हवं. २०० वॅटचा कूलर दहा तास चालला तर दोन युनिट, महिन्याला साठ.

गळक्या नळाखाली तासभर लोटा ठेवा, पाणी मोजा आणि चोविसने गुणा. सेकंदाला एकच थेंब पडला तरी दिवसाला चार लिटरच्या वर जातं.

धुराचं चुलीवाल्या घरांसाठी. चुलीजवळ उदबत्ती लावा, पंखा बंद. धूर कुठे जाऊन साचतो ते पाहा. गरम हवा वर जाते, त्यामुळे झरोका भिंतीत उंच हवा आणि खालून हवा यायला फटही हवी.

गॅससाठी गोधडी. भाताला उकळी आली की झाकण ठेवून पाच मिनिटं शिजवा, गॅस बंद करा, शेगडीपासून दूर नेऊन भांडं जुन्या गोधडीत घट्ट गुंडाळा. तासाभराने उघडा आणि गरम असतानाच वाढा. सासूबाईंना आधी सांगू नका, खाऊन झाल्यावर सांगा. सिलेंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पुढच्या सभेला प्रत्येकीने आपले आकडे वहीत आणायचे: रुमालाचे दोन, मीटरचे तीन, लोट्याचा एक. ज्यांचं लुकलुकणं थांबतच नाही, त्यांची नावं आधी घेऊ.