मूळ चित्र आणि त्याच्या प्रती

चिपळूण सोडून मुंबई-गोवा महामार्गानें दक्षिणेकडे निघालें, कीं थोड्याच वेळांत सावर्डें लागतें. सभोंवार डोंगरउतार, आंबाकाजूच्या बागा, लाल मातीच्या वाटा, आणि गांवांत सह्याद्री शिक्षणसंस्थेचें कलामहाविद्यालय. त्यामुळें मांडीवर चित्रफलक घेऊन झाडाखालीं बसलेला विद्यार्थी हें तेथील माणसांना नवलाचें दृश्य नाहीं. अलीकडे त्या फलकाच्या जोडीला एक कांचेची पाटी आली आहे. तिला टॅब्लेट म्हणतात. तिच्यावर रंग सांडत नाहीं, कागद फाटत नाहीं, आणि चुकलेली रेघ क्षणांत मागें घेतां येते. परंतु कागदावरच्या चित्राला जी चिंता कधीं नव्हती, अशी एक नवी चिंता या पाटीनें आणली आहे. चित्र पुरें झालें, कीं पाटी विचारते, “हें कोणत्या रूपांत जपून ठेवूं?” आणि पुढें चार-सहा नांवें मांडते: जेपेग, पीएनजी, टिफ, पीएसडी. बहुतेक जण जें नांव प्रथम दिसेल त्यावर बोट ठेवून मोकळे होतात. त्या एका बोटाची किंमत पुढें काय पडूं शकते, याचा श्रोत्यांनीं आज थोडा विचार करावा.

कल्पना करावी, कीं सावर्ड्याच्या एका वाडींतील मुलीनें मे महिन्याच्या सुटींत आपल्या आजीचें चित्र काढलें. आजी पडवींत बसून रातांबे फोडीत आहे. तिचीं बोटें तांबडीं झालीं आहेत. मागें भिंतीवर झावळ्यांची सावली हलते आहे. आठ दिवस खपून मुलीनें चित्र पुरें केलें, जेपेग रूपांत ठेवलें, आणि मुंबईच्या काकांना व्हॉट्सॲपवर पाठविलें. सर्वांनीं वाहवा केली. पुढें पाटींत जागा उरली नाहीं, तेव्हां “काकांकडे आहेच” असें म्हणून तिनें आपल्याकडील चित्र पुसून टाकलें. पावसाळा सरतां सरतां आजी वारली. वर्षश्राद्धाच्या सुमारास घरच्यांना तें चित्र मोठें छापून चौकटींत लावावें असें वाटलें. काकांनीं तें परत पाठविलें. छापून जें हातीं आलें, त्यांत पडवी होती, रातांबे होते. पण आजीच्या चेहऱ्यावरच्या बारीक सुरकुत्या पुसल्या गेल्या होत्या, आणि लुगड्याच्या कांठाभोंवतीं धुरकट ठिपके उठले होते. छापखान्याची यांत कांहीं चूक नव्हती. जें त्याच्याकडे आलें, तेंच त्यानें छापलें.

हें कसें घडलें तें समजण्यास संगणकांतील चित्र म्हणजे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. तें चौकटींच्या वहीच्या पानासारखें असतें. प्रत्येक घर एकेका रंगानें भरलेलें; या घरास पिक्सेल म्हणतात. ए-फोर मापाचा कागद एका इंचास ३०० घरें या दरानें भरावयाचा, तर उभ्या बाजूस ३,५०८ आणि आडव्या बाजूस २,४८० घरें लागतात. म्हणजे एकूण सुमारें ८७ लाख. प्रत्येक घराचा रंग तांबडा, हिरवा व निळा किती, अशा तीन आंकड्यांनीं लिहितात. एका पानाच्या चित्राचे असे २ कोटि ६० लाख आंकडे होतात. इतका हिशेब जसाच्या तसा ठेवावयाचा तर जागा फार अडते. म्हणून तो आटोपशीर लिहिण्याच्या निरनिराळ्या रीती निघाल्या. फाइलींचे जे प्रकार म्हणतात, ते मुख्यतः या हिशेब लिहिण्याच्या रीती होत.

या रीतींचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांतील लेखक काटकसरी, पण प्रामाणिक. ओळींत शंभर घरें पांढरीं असलीं, तर “पांढरें” हा शब्द तो शंभर वेळां लिहीत नाहीं. “पांढरें, घरें शंभर” एवढेंच लिहितो. वाचणारा त्यावरून पूर्वीचीं शंभर घरें बिनचूक पुन्हां मांडूं शकतो. जागा वांचली, आणि गेलें कांहींच नाहीं. पीएनजी हा प्रकार या वर्गांतला आहे. त्याची जन्मकथाहि मौजेची आहे. १९८७ सालीं निघालेला जिफ हा प्रकार सर्वत्र चालत असे. परंतु त्यांतील आंकडेमोडीच्या पेटंटावरून १९९४ च्या अखेरीस वाद उठला. तेव्हां कांहीं जाणत्या लोकांनीं कोणाचा हक्क नसलेली नवी रीत आंखली, आणि १९९६ सालीं पीएनजी प्रसिद्ध झाला. जिफला एका चित्रांत २५६ रंगांची मर्यादा होती. पीएनजीला ती अडचण नाहीं. शिवाय चित्राचा कांहीं भाग पारदर्शक ठेवण्याचीहि सोय त्यांत आहे.

दुसऱ्या वर्गांतील लेखक निराळ्या स्वभावाचा. तो निबंध उतरून घेत नाहीं, त्याचा सारांश लिहितो. जेपेग हा त्याचा प्रमुख नमुना. छायाचित्रांच्या तज्ज्ञांच्या एका समितीनें ही रीत १९९२ सालीं प्रमाण म्हणून ठरविली, आणि समितीच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला हें नांव मिळालें. ती चित्राचे आठ बाय आठ घरांचे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनांतील ठळक चढउतार राखते, आणि माणसाच्या डोळ्यास सहसा न जाणवणारे सूक्ष्म फरक सोडून देते. डोळा उजेड-अंधाराचा भेद जितका बारीक टिपतो, तितका रंगाचा भेद टिपत नाहीं, या माहितीचा तींत मोठ्या चातुर्यानें उपयोग केलेला असतो. डोंगर, आकाश, माणसांचे चेहरे अशा छायाचित्रांना ती फार मानवते. फाइल दहापटीनें लहान झाली तरी पाहणारास पत्ता लागत नाहीं. परंतु पांढऱ्यावर काळी रेघ, अक्षरें, किंवा गेरूच्या भिंतीवर पांढऱ्या रेषांनीं काढलेलें वारली चित्र तिच्या स्वाधीन केलें, कीं रेघेच्या दोन्ही कडांस मळकट ठिपके उठतात. गंमत अशी, कीं असलीं सपाट रंगांचीं चित्रें पीएनजींत ठेवलीं तर तीं स्वच्छहि राहतात आणि बहुधा जागाहि थोडी घेतात.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. जेपेग नुसतें उघडून पाहिल्यानें झिजत नाहीं, आणि त्या फाइलीची जशीच्या तशी नक्कल केल्यानेंहि झिजत नाहीं. झीज होते ती चित्र उघडून, त्यांत फेरफार करून, पुन्हां जेपेग म्हणून ठेवतांना. सोनें पुन्हां पुन्हां आटवावें, आणि दर खेपेस सोनारानें थोडी घट सांगावी, तसेंच हें. आणखी एक गोष्ट. जेपेगचें पुढें पीएनजी केल्यास गेलेला तपशील परत मिळत नाहीं. सारांश सोनेरी शाईनें लिहिला म्हणून मूळ निबंध कांहीं त्यांतून उगवत नाहीं.

आजीच्या चित्रास अशी घट दोनदां आली. प्रथम जेपेग करतांना, आणि नंतर व्हॉट्सॲपवरून जातांना. कारण फोटो म्हणून पाठविलेलें चित्र तेथें लहान करून पुन्हां दाबलें जातें. समजा, त्याची लांब बाजू १,६०० घरांची उरली. मग ए-फोर कागदावर एका इंचास १३७ घरेंच मिळणार. ३०० चें काम १३७ वर भागणार कसें? तेंच चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठविलें असतें, तर निदान दुसरी घट टळली असती.

परंतु घट टाळणें एवढाच प्रश्न नाहीं. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापखाना काढला. पुढें तो लोणावळ्यापाशीं मळवलीस गेला. त्या छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघर भिंतीवर लागल्या. अशा रंगीत शिळाछापांत प्रत्येक रंगाची शिळा वेगळी असे. एकावर एक ठसे उमटून शेवटीं चित्र पुरें होई. ज्याच्याजवळ शिळा, त्याला पाहिजे तेव्हां एखादा रंग बदलून नवी तसबीर काढतां येई. ज्याच्याजवळ नुसती तसबीर, त्याला ती पाहतां येई, इतकेंच.

टॅब्लेटवरील चित्राचेंहि असेंच आहे. चित्रकार पार्श्वभूमि एका थरावर, आकृति दुसऱ्यावर, सावल्या तिसऱ्यावर काढतो. जेपेग असो वा पीएनजी, ठेवतांना हे सर्व थर एकमेकांत मुरून एकच पान होतें. थर वेगळे राहतात ते चित्र काढण्याच्या प्रोग्रामच्या स्वतःच्या फाइलींत: फोटोशॉपची पीएसडी, क्रिटाची केआरए, गिंपची एक्ससीएफ. ही फाइल म्हणजे शिळा. बाकी सर्व तसबिरी. तेव्हां “सर्वांत चांगला प्रकार कोणता?” या प्रश्नाचें खरें उत्तर एका नांवानें देतां येत नाहीं. मूळ एका रूपांत राखावें, आणि ज्या कामाला जी प्रत पाहिजे ती त्या मुळापासून काढावी. प्रतीची प्रत काढूं नये.

आतां कोणत्या कामास कोणती प्रत, हें थोडक्यांत सांगतां येईल. स्नेह्यासोबत्यांस दाखविण्यास, किंवा छायाचित्रासारखें रंगकाम असेल तर, जेपेग पुरे. रेघांचें काम, अक्षरें, पारदर्शक पार्श्वभूमि असेल तर पीएनजी. छापखान्यास द्यावयाचें असेल तर आधीं छापखान्यासच विचारावें. तेथें बहुधा टिफ किंवा पीडीएफ मागतात. टिफ हा १९८६ पासूनचा जुना प्रकार आहे, आणि छपाईच्या निळ्या, किरमिजी, पिवळ्या व काळ्या अशा चार शायांचा हिशेब त्यांत ठेवतां येतो. पीएनजींत तो ठेवतां येत नाहीं. दुकानाची पाटी किंवा संस्थेचें बोधचिन्ह लहानमोठें करावयाचें असेल, तर तें मुळांतच रेषांच्या गणितानें काढून एसव्हीजी रूपांत ठेवावें. मग तें तिकिटाएवढें करा कीं भिंतीएवढें, त्याची कड फाटत नाहीं.

मूळ ठेवण्यासंबंधीं दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. पहिली वाचनाची. कोंकणांत अनेक घरांच्या पेट्यांतून मोडी कागद आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत. पण घरांत वाचणारा कोणी उरला नाहीं. एकाच प्रोग्रामला कळणाऱ्या फाइलीवर पुढें हाच प्रसंग येऊं शकतो. म्हणून थरांच्या फाइलीशेजारीं त्याच मापाची एक पीएनजी किंवा टिफ प्रतहि असावी. हे प्रकार शेंकडों प्रोग्रामांना वाचतां येतात. दुसरी गोष्ट जागेची. २२ जुलै २०२१ रोजीं चिपळूण शहर पुरांत बुडालें. त्यापूर्वीं २००५ च्या जुलैंतहि तेथें पाणी शिरलें होतें. कपाटांतला कागद आणि टेबलावरचा संगणक यांत पाणी भेद करीत नाहीं. एक प्रत घरांत, एक वेगळ्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गांवीं किंवा क्लाउडवर असावी. जागा पुरत नाहीं म्हणून मूळ पुसणें म्हणजे फडताळ भरलें म्हणून दस्तऐवज चुलींत घालण्यासारखें आहे.

आजीच्या चित्राचें पुढें काय झालें असतें? दोनच वाटा होत्या. एक, चित्र तळहाताएवढें छापून देव्हाऱ्याशेजारीं ठेवावें. त्या मापास काकांकडची प्रत पुरी पडली असती. दुसरी, मुलीनें पाटी पुन्हां पुढें घ्यावी, आणि मनांत राहिलेल्या आजीवरून त्या सुरकुत्या एकेक करून पुन्हां काढाव्या. ही वाट लांबची आहे, कारण आतां पडवींत समोर बसणारें कोणी नाहीं. ज्यांच्या घरीं अद्यापि पडवींत कोणी बसलेलें आहे, आणि घरांतलें एखादें मूल त्यांचें चित्र काढीत आहे, त्यांनीं आज रात्रीं निजण्यापूर्वीं त्या मुलास एवढेंच विचारावें, कीं बाळ, मूळ कोठें ठेवलें आहेस?