तांबोशी : खाडीत वाढणारी, रात्री जागणारी मासळी

(बांदा येथे प्राथमिक शिक्षकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



बांद्याच्या बाजारात तांबूस अंगाची, मोठ्या खवल्यांची आणि वरच्या जबड्यात सुळे असलेली तांबोशी पाहावयास मिळते. गोव्यात तिलाच तामसो म्हणतात. तिच्या तुकडीची चव बहुतेक मुलांना ठाऊक असते. परंतु ही मासळी राहते कोठे, असे विचारले असता 'समुद्रात' एवढेच उत्तर येते. हे उत्तर चूक नव्हे, अपुरे आहे. तांबोशीचे बालपण बहुधा तेरेखोलसारख्या नदीच्या खाडीत, म्हणजे या मुलांच्या दाराशीच जाते.

फॉर्सकोल नावाचा निसर्गशास्त्रज्ञ डॅनिश मोहिमेबरोबर अरबस्तानात गेला व १७६३ मध्ये येमेनमध्ये हिवतापाने मरण पावला. त्याच्या मृत्यूनंतर १७७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. त्याने दिलेल्या नावाचा अर्थ 'रुपेरी ठिपक्यांचा' असा होतो.

तांबोशी आपली अंडी खुल्या समुद्रात सोडते. एकेक अंडे एक मिलिमीटरपेक्षाही लहान असते आणि ते पाण्यात तरंगते. त्यातून निघालेली पिले काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहतात व त्यांतील थोडी भरतीबरोबर खाडीत शिरतात. कांदळवनातील मुळ्यांच्या जाळीत मोठे मासे सहज शिरू शकत नाहीत. कोलंबी व लहान खेकडे मात्र विपुल असतात. असा आसरा आणि असे अन्न पिलांना अन्यत्र क्वचितच लाभते. या वयात त्यांच्या अंगावर सुमारे आठ पांढुरके आडवे पट्टे आणि गालावर एकदोन निळ्या रेघा असतात. काही वर्षांनी मोठी झालेली तांबोशी खाडी सोडून समुद्रातील खडकांकडे व प्रवाळांकडे जाते. मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, असे प्रवाळ आहेत. या भागास १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित करण्यात आले.

प्रवाळांच्या वस्तीत दिवसाची आणि रात्रीची पाळी वेगळी असते. दिवसा शेवाळ खाणारे व प्रवाळ कुरतडणारे रंगीबेरंगी मासे वावरतात. सूर्य मावळला की ते कपारींत शिरतात आणि दिवसभर कपारींत विसावलेले मासे बाहेर पडतात. तांबोशी या दुसऱ्या पाळीतली. खेकडे आणि कोलंबी काळोखात बिळांतून बाहेर येतात, म्हणून तिलाही रात्र सोयीची ठरते. रात्री गरवायला जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे पुस्तकाविना ठाऊक असते. गावातील अशा एखाद्या जाणत्या आजोबांना वर्गात बोलावून भरती-सुकतीच्या गोष्टी ऐकवाव्यात. तो पाठ मुले विसरणार नाहीत.

निशाचर माशांत लाल रंगाचे मासे पुष्कळ का आढळतात, हा प्रश्न मुलांना आवडेल. समुद्राच्या स्वच्छ पाण्यात सूर्यप्रकाशातील लाल किरण प्रथम शोषले जातात व निळे किरण खोलवर पोहोचतात. लाल किरणच नसतील तेथे लाल वस्तू काळपट दिसते आणि अंधारात मिसळून जाते. वर्गात लाल व पांढऱ्या कागदाचे तुकडे गडद निळ्या पारदर्शक कागदाच्या दोनतीन घड्यांतून पाहावयास द्यावेत. लाल तुकडा काळवंडलेला दिसेल. या प्रयोगास खर्च जवळजवळ नाही.

दुसरा पाठ तांबोशीच्या डोक्यात दडलेला असतो. माशाच्या कानाच्या भागात चुन्यासारख्या द्रव्याचे छोटे खडे असतात. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे त्यांत वर्षावर्षाची वलये पडतात व त्यांवरून वय मोजता येते. ऑस्ट्रेलियात अशा मोजणीतून तीस वर्षांहून अधिक वयाच्या तांबोशी आढळल्या आहेत. तेथेच असेही दिसून आले, की तांबोशी सुमारे अर्धा मीटर लांब होईपर्यंत बहुधा अंडी घालण्यायोग्य होत नाही.

या एका गोष्टीत साऱ्या विषयाचे मर्म आहे. खाडीत पकडलेली वीतभर तांबोशी एकदाही अंडी न घालता संपते. जेथे कांदळवन तोडून भराव घातला जातो, तेथे पिलांचा आसराच नाहीसा होतो. खाडी ओस पडली तर दूरच्या प्रवाळांतही पुढे मोठी तांबोशी कोठून येणार? महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीस राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. तो मान मुलांना समजावयाचा असेल, तर चिप्पीच्या मुळ्यांत कोण वाढते हे प्रथम सांगावयास हवे.

तथापि येथे शिक्षकाने एक सावधगिरी बाळगावी. ज्या घरी त्याच दिवशी लहान तांबोशीचे कालवण शिजले असेल, त्या घरच्या मुलास वर्गात अपराधी वाटता कामा नये. जाळ्यात येईल त्यावर ज्यांची चूल पेटते, त्यांना उपदेश करणे हे शाळेचे काम नव्हे. शाळेने मोजावयास शिकवावे. वर्गाच्या भिंतीवर अर्ध्या मीटरची कागदी पट्टी चिकटवावी. घरी आलेल्या तांबोशीची लांबी मुलांनी दोऱ्याने मोजून आणावी, पट्टीशी ताडून पाहावी आणि तारखेसह वहीत लिहावी. वर्षअखेरीस किती तांबोशी पट्टीहून लहान होत्या, हे मुले स्वतःच मोजतील. त्यातून निघणारा प्रश्न ती आपणहून घरी नेतील, आणि घरची माणसे तो शिक्षकापेक्षा आपल्या लेकराच्या तोंडून अधिक आस्थेने ऐकतील.