पुळणीवरचा रस्ता आणि ओहोटीची वेळ

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिला होता 'आखाती देशातलं आयुष्य'. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. पगार, व्हिसा, सुट्टी, घरी पाठवायचे पैसे हे तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात रोज ऐकू येतं. रत्नागिरी-रायगडच्या आमच्या गावांमध्ये असं घर शोधावं लागेल, जिथून कुणी मस्कत, कुवेत किंवा दोहाला गेलेलं नाही. पण त्या माणसांना विचारा, तुम्ही त्या देशात काय पाहिलंत? कॅम्प, साइट, मशीद आणि विमानतळ. माझे चाचा सत्तावीस वर्षं मस्कतला होते, त्यांनी सूर पाहिलं नाही. मस्कतहून सूर दोनशे किलोमीटर.

म्हणून मी आज एका सहलीच्या तयारीबद्दल बोलणार आहे. सहलीपेक्षा तयारीबद्दल जास्त. मी ओमानमध्ये गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं काम केलं, तेव्हा वाळूत रुतलेल्या गाड्या ओढून आणल्यावर त्यांचं काय झालेलं असतं, हे मला जवळून माहीत आहे.

आधी भूगोल. ओमानचा पूर्व किनारा आपल्याच समुद्रावर आहे. हा समुद्र ओलांडला की सरळ आपलं कोकण. सूरच्या पुढे रास अल हद्द, मग अल अश्खरा, मग वाहिबाची वाळू थेट समुद्राला भिडते. त्याखाली महूत, शन्ना (इथून मसिरा बेटाची फेरी सुटते), बर्र अल हिक्मानचा सपाट खारा प्रदेश, आणि मग खलूफ हे मच्छीमारांचं गाव. खलूफपर्यंत डांबरी रस्ता आहे. त्याच्या दक्षिणेला पांढऱ्याशुभ्र वाळूच्या टेकड्या आहेत, लोक त्यांना साखरेच्या टेकड्या म्हणतात. तिथे जायला रस्ता नाही. पुळण आहे. ओहोटी असेल तर पुळण म्हणजे रस्ता, भरती असेल तर पुळण म्हणजे समुद्र.

आम्हाला तिथे जायचं होतं. सहा जण, दोन गाड्या. मी, माझा धाकटा भाऊ, त्याची बायको, माझी मामेबहीण जी तिथल्या एका रुग्णालयात नर्स आहे, आणि भावाचे दोन मित्र.

पहिला प्रश्न महिन्याचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्य मोसमी वारा त्या किनाऱ्यावरही वाहतो. आपल्याकडे तो पाऊस घेऊन येतो, त्याच काळात आपल्याकडे मासेमारी बंद असते. तिकडे तो धुकं आणि वाळू उडवतो, समुद्र खवळलेला असतो, पुळणीवर जायचा प्रश्नच नाही. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे महिने. २००७चं गोनू आणि २०१०चं फेट, दोन्ही जूनमध्ये ओमानच्या किनाऱ्यावर आली. राहिले डिसेंबर ते मार्च. आम्ही जानेवारी घेतला.

दुसरा प्रश्न तारखेचा, आणि इथे मला फार मजा आली. भरती-ओहोटी चंद्रावर चालते आणि आपलं हिजरी कॅलेंडरही चंद्रावर. चांद दिसतो त्याच्या आगेमागे आणि चौदा-पंधरा तारखेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप आत येतं आणि खूप बाहेर जातं. आठ-नऊ आणि बावीस-तेवीसच्या सुमाराला भांग, म्हणजे पाण्याची हालचाल कमी. ज्या माणसाला आज हिजरी तारीख कोणती हे माहीत आहे, त्याला समुद्र काय करतोय ते अर्धं माहीत आहे. आपल्या घरात ते कॅलेंडर फक्त रमजान आणि ईद शोधायला टांगलेलं असतं!

आमच्या गावचे जुने खलाशी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडी सांगतात. पण ते गणित आपल्या किनाऱ्याचं आहे. ओमानच्या किनाऱ्याला ते जसंच्या तसं लागू होत नाही. तिथे दोन भरत्या सारख्या उंचीच्याही नसतात. म्हणून तिथलाच तक्ता घ्यायचा. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा 'काल अकराला गेलो होतो, आजही अकराला जाऊ' हे चालत नाही. आमचा नियम होता: पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी पुळणीवर उतरायचं आणि ओहोटीनंतर दोन तासांच्या आत बाहेर. चार तास. त्यात जाणं बसलं पाहिजे, नाहीतर टेकड्यांवर उंच जागा गाठून पुढच्या ओहोटीपर्यंत थांबायचं. तंबू समुद्री शेवाळाच्या सगळ्यात वरच्या रेषेच्याही वर.

तिसरी गोष्ट पाणी. माणशी रोज सहा लिटर धरलं. सहा माणसं, रस्त्याबाहेर दोन दिवस, म्हणजे ७२ लिटर. तेवढंच राखीव, कारण अडकलो तर दोन दिवस काढता आले पाहिजेत. १४४ लिटर. भाऊ म्हणाला, एवढं पाणी नेऊन काय वजू करत बसायचंय? मी म्हटलं, पाणी कमी असेल तिथे तयम्मुमची सवलत आहे, वाळू तर मुबलक आहे. हे पाणी प्यायचं. ते दोन्ही गाड्यांत निम्मं निम्मं, आणि खाली, टपावर नाही. टपावर वजन चढवलं की तिरप्या वाळूत गाडी कलंडते.

डिझेल-पेट्रोलचं गणितही असंच. आमच्या गाड्या महामार्गावर लिटरला आठ-नऊ किलोमीटर द्यायच्या, मऊ वाळूत ते निम्म्यावर येतं. शेवटच्या पंपावर टाकी गच्च भरायची, मग ती आत्ता पाऊण असली तरी.

आता टायर. रस्त्यावर हवा ३५ पीएसआय असेल तर वाळूत १५ ते १८वर आणायची. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं, आणि ती वाळू कापत खाली जाण्याऐवजी वर तरंगते. रुतल्यावर नव्वद टक्के लोक काय करतात? एक्सिलेटर दाबतात. चाक स्वतःची कबर खणतं. पाय काढायचा, उतरायचं, हवा अजून कमी करायची, चाकांपुढची वाळू फावड्याने ओढायची, फळ्या घालायच्या. आणि कमी हवेवर जोरात वळायचं नाही, टायर रिममधून निसटतो. परत खडीच्या रस्त्यावर आलं की हवा भरायला कॉम्प्रेसर लागतो. दोन गाड्यांना दोन कॉम्प्रेसर. ओढायचा पट्टा गाडीच्या मजबूत हुकालाच बांधायचा, ट्रेलरच्या गोळ्याला कधीच नाही. तो गोळा तुटून सुटला की तोफगोळा होतो.

बर्र अल हिक्मानबद्दल एकच सांगतो. तिथे सबखा आहे. आपल्या खाजणासारखंच समजा, पण वर मिठाची पांढरी, कोरडी, टणक दिसणारी खपली आणि खाली चिखल. वाळूत रुतलेली गाडी दोन तासांत निघते. सबख्यात धुरेपर्यंत गेलेली गाडी काढायला क्रेनच लागते, आणि क्रेनही रुतते. आधीच्या चाकोऱ्या सोडून तिथे इंचभर बाजूला जायचं नाही. आम्ही तो भाग लांबूनच पाहिला. हिवाळ्यात तिथे लाखो पाणपक्षी उतरतात, तेही लांबूनच छान दिसतात.

एवढं सगळं ठरलं आणि मग खरी अडचण आली. ती वाळूत नव्हती, घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होती. खेडहून मामींचा निरोप: मुली कशाला जातायत? मग दुसऱ्या मामूंचा, तिसऱ्या खालाचा. मी वाद घातला नाही, तयारीचा कागद फोटो काढून पाठवला. पाणी किती, गाड्या किती, कोण कुठे झोपणार, कुणाला कधी फोन. मामींनी तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "अमीर कोण?"

बरोबर प्रश्न होता. तिघे प्रवासाला निघाले तर एकाला अमीर करा, असं हदीसमध्ये आहे आणि आपण ते लहानपणापासून ऐकतो. पण आपल्या डोक्यात अमीर म्हणजे वयाने मोठा पुरुष. वाळूत अमीरचं काम एकच: कधी परत फिरायचं हे सांगणं. त्यासाठी वय लागत नाही, चारचौघांसमोर नाही म्हणायची सवय लागते. आमच्यात ती सवय रोजच्या कामातून एकीलाच होती. अतिदक्षता विभागात रात्रपाळी करणाऱ्या माझ्या मामेबहिणीला. मी तिचं नाव सुचवलं. भाऊ गप्प बसला, त्याचे मित्र हसले. मामी ग्रुपवर म्हणाल्या, "ती असेल तर जा."

तिने दोन नियम कागदावर लिहिले आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. एक, ठरलेल्या घड्याळाला कुठेही असलो तरी फिरायचं. दोन, कुठलंही महत्त्वाचं सामान दोनाचं एक झालं की फिरायचं.

जाताना सूर आणि कल्हातमध्ये थांबलो. इब्न बतूता चौदाव्या शतकात याच वाटेने पायी गेला. सूरच्या किनाऱ्यावरून त्याला कल्हात दिसत होतं, जवळच वाटलं, म्हणून एका हिंदी सोबत्याला घेऊन आणि एक वाटाड्या करून तो निघाला. वाटाड्याचा डोळा त्याच्या कपड्यांवर. समुद्राच्या पाण्याची खाडी लागली तिथे त्याने दोघांना बुडवायचा बेत केला. तो टळला, पण पाणी संपलं, सोबती आजारी पडला, आणि कल्हातला पोचेपर्यंत इब्न बतूताचे पाय सुजून गेले. अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. आज महामार्गावरून तेवढं पंधरा मिनिटांत होतं. त्याने पाहिलेल्या मशिदीचे अवशेष तिथे आहेत आणि बीबी मरियमची कबरही. २०१८ साली युनेस्कोने ती जागा जागतिक वारशात घेतली. आपल्या पोरांना सांगायला हवं, की तो मोठा मुसाफिरही पाण्याचा हिशेब न करता निघाला होता.

खलूफला सकाळी नऊला पुळणीवर उतरलो. मच्छीमारांनी सांगितलं, वारा वाढतोय पण ओहोटी चांगली आहे. पहिला तास सुरेख गेला. मग एका मऊ पट्ट्यात मागची गाडी रुतली, काढली, हवा भरायला गेलो तर तिचा कॉम्प्रेसर जळला. फ्यूज बदलून पाहिला, वायर पाहिली. मेला होता.

टेकड्या समोर दिसत होत्या. पाचसहा किलोमीटर असतील. भाऊ म्हणाला, दुसरा कॉम्प्रेसर आहे की, दोन्ही गाड्यांना पुरेल. तांत्रिकदृष्ट्या पुरला असता, मी मेकॅनिक म्हणून सांगतो. तिने कागद काढला नाही की आवाज चढवला नाही. म्हणाली, "दोनाचं एक झालं. गाड्या फिरवा." भाऊ चिडला, दहा मिनिटं कुणी बोललं नाही. आम्ही फिरलो.

परतीच्या वाटेवर पाणी आमच्या जाताना उमटलेल्या चाकोऱ्यांपर्यंत आलेलं होतं.

त्या रात्री खलूफच्या बाहेर तंबू टाकला. मच्छीमारांनी सुरमई दिली, पैसे घेतले नाहीत. त्यांतला एक केरळचा, एक चितगावचा. भाऊ जेवताना बोलायला लागला. सकाळी त्यानेच दोन्ही गाड्यांखालचं खारं पाणी गोड्या पाण्याने धुतलं, कारण राखीवमधलं पुष्कळ शिल्लक होतं.

तुम्हाला कधी जायचं असेल तर एक शेवटची कामाची गोष्ट. मस्कतमध्ये मागे राहिलेल्या एका मित्राकडे आम्ही कागद ठेवला होता: मार्ग, दोन्ही गाड्यांचे नंबर, सहा जणांची नावं, आणि 'शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर ९९९९ला कळव'. तो ओमानी पोलिसांचा आपत्कालीन क्रमांक. भाड्याची गाडी असेल तर करार वाचा, रस्त्याबाहेरचं नुकसान बहुधा विम्यात नसतं. आणि मित्र असा निवडा, जो सात म्हणजे सात समजतो. आमच्या मित्राला महूतला रेंज आल्याबरोबर फोन केला, दुपारी पावणेतीनला. त्याने कागदावर वेळ लिहून ठेवली होती.