हिरडीजवळच्या फटी



वस्तीत फिरताना आम्हाला एक तक्रार हमखास ऐकू येते : "दात साफ करून घेतले आणि फटी पडल्या." मग त्या धास्तीने घरातले दुसरे कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही. या समजुतीने फार नुकसान केले आहे, म्हणून आज तिच्यावरच बोलतो.

फट अगोदरचीच असते. दातांवरचे कीटण दगडासारखे घट्ट होते, हिरडी सुजते आणि आतले हाड झिजत जाते. कीटणाने व सुजेने जागा भरलेली असते, म्हणून ती दिसत नाही. साफसफाईनंतर सूज उतरते आणि काळा त्रिकोण उघडा पडतो. टार्नो व सहकाऱ्यांनी 1992 साली मोजून दाखवले की, दोन दात जिथे टेकतात तिथून हाड 5 मिलिमीटरपर्यंत असले, तर हिरडी ती जागा बहुधा भरते. 7 मिलिमीटरवर चारांत जेमतेम एकदा. गेलेले हाड सहसा परत येत नाही.

आपल्याकडे खर्रा आहेच. तो ज्या गालात धरतात, तिथली हिरडी मागे सरते.

फटीत मावेल असा बारीक ब्रश रोज फिरवावा. दाताच्या रंगाचा मसाला लावून किंवा तारेने फट लहान करता येते, पण रोग थांबल्यावरच. 1968 साली सुरू झालेले शासकीय दंत महाविद्यालय आपल्याच शहरात आहे. तिथे हिरडीचा विभाग विचारावा. आजी नाही म्हणेल. विद्यार्थ्यांनी तिला सोबत न्यावे.