अष्टमी बघा आणि होडी काढा

आम्ही सिंधुदुर्गातल्या कर्ली खाडीकाठच्या बायका. तिसऱ्या काढायला आम्ही लहानपणापासून पाण्यात उतरतो, पण नुसतं फिरायला म्हणून होडीत कधी बसलो नव्हतो. या वर्षी आमच्या गटातल्या आठजणी दोन दिवस शिडाच्या होडीने खाडीत फिरलो आणि एक रात्र तंबूत राहिलो. कशा गेलो, ते आज सांगतो. तुम्हालाही जावंसं वाटेल.

घरी पहिला प्रश्न आला, "कामाशिवाय पाण्यात कशाला?" आमच्यातल्या थोरल्या काकी म्हणाल्या, "कामासाठी चाळीस वर्षं गेले, तेव्हा कोणी नाही विचारलं." पुढे कोणी काही बोललं नाही. दोन दिवसांचा स्वयंपाक घरातल्यांनी वाटून घेतला.

दिवस ठरवला तो पंचांग बघून. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब तुम्हाला माहीत असेल. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. ठिकाणाप्रमाणे तासभर मागेपुढे होतं. अष्टमीला भांग असतो. पाणी उधाणासारखं चढत नाही, ओढही कमी असते. नवख्यांसाठी हेच दिवस बरे.

सकाळी भरती फिरली आणि आम्ही निघालो. उतरतं पाणी मुखाकडे नेत होतं, जमिनीवरून येणारा मतलई वारा शिडात होता. वल्ही फारशी मारावीच लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी चढतं पाणी आणि समुद्रावरचा खारा वारा, दोघांनी मिळून घरी आणून सोडलं.

उथळ पाण्यात एक गोष्ट लक्षात ठेवा. ओहोटी लागली की खोल वाट सोडू नका. उतरत्या पाण्यात होडी वाळूवर बसली, तर पुढची भरती येईपर्यंत बसून राहावं लागतं. तिवरांमधून, वाळूच्या पट्ट्यांजवळून फिरायचं ते पाणी चढत असताना. तेव्हा होडी रुतली, तरी थोड्या वेळाने पाणीच तिला उचलतं. पाय ठेवण्याआधी काठीने तळ चाचपा. आणि देवबागजवळ खाडी समुद्राला मिळते तिथे वाळूचे पट्टे सरकत राहतात, लाटाही फुटतात. तिकडे आम्ही गेलोच नाही.

तंबू ठोकायला जमीनमालकाला विचारून सुरूखालची जागा घेतली. वाळूवर काडीकचऱ्याची रेघ दिसते, ती भरतीची खूण. सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर तंबू लावायचा. होडीचा दोर थोडा सैल ठेवायचा, म्हणजे रात्री पाणी चढलं तरी ताण येत नाही. चुलीला वाळलेली झावळी आणि सोडणं घेतली, तिवराला हात लावला नाही. खाडीचं पाणी खारं, म्हणून पिण्याचं पाणी घरूनच भरून नेलं. आडोशासाठी दोन जुनी लुगडी आणि चार बांबू नेले होते. ही सोय आधी ठरवा. ती नसली की बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग आजारी पडतात.

लाइफ जॅकेट प्रत्येकीच्या अंगात, पोहता येणारीच्याही. सोबत जाणते तांडेल काका होते. निघण्याआधी रेडिओवर हवामान ऐकलं. हिवाळा शांत म्हणून विसंबू नका. 2009 चं फयान वादळ नोव्हेंबरातच आलं होतं.

रात्री तिसऱ्यांचं सुकं आणि भाकरी खाऊन आम्ही उशिरापर्यंत बोलत बसलो. कोणाला पहाटे उठून पाणी तापवायचं नव्हतं. काकी म्हणाल्या, "खाडी कंबरेपर्यंत बघितली होती, आज सगळी बघितली."

या खाडीचं पाणी कधी चढतं, कुठे उथळ आहे, हे ज्ञान आपल्याकडे आहेच. आजवर ते टोपली भरण्यासाठी वापरलं, एकदा स्वतःच्या आनंदासाठीही वापरा. पुढच्या बैठकीत पंचांग उघडा, थंडीतली एक अष्टमी निवडा आणि गटाच्या वहीत जाणाऱ्यांची नावं लिहायला घ्या.