बाहुलीची नऊवारी
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

भिवंडीतल्या नारपोलीच्या गल्लीतून चालताना मागांची खटखट कानावर येते. धोट्याच्या प्रत्येक फेरीला कापडात एक आडवा धागा बसतो. एका इंचात असे धागे किती, ते पीक. मजुरी मीटरवर ठरते. अशा घरातलं मूल शाळेत येतं आणि आपण त्याच्याकडून ‘१०० सेंटिमीटर म्हणजे १ मीटर’ घोकून घेतो! याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्यापेक्षा तिसरीच्या वर्गात बाहुलीचं लग्न लावा. नवरीला नऊ वितींची साडी हवी. कागदाच्या पट्ट्या द्या, ज्याला त्याला आपल्या वितीनं मोजून कापू द्या. मग सगळ्या साड्या जमिनीवर शेजारी शेजारी मांडा. एकीचीही लांबी दुसरीशी जुळणार नाही. भांडण होईल. होऊ द्या, फूटपट्टी लगेच काढू नका. थोड्या वेळानं कुणीतरी म्हणेलच, “एकाच्याच हातानं मोजू या.” तो उद्या आला नाही तर? मग त्याची वीत काठीवर खूण करून ठेवायची. फ्रान्सनं १७९९ मध्ये प्लॅटिनमची पट्टी मीटर म्हणून जपून ठेवली, तीही अशाच गरजेपोटी. आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ चा. तरी साडी अजून सहावारीच म्हणवते आणि दुकानात साडेपाच मीटर भरते. पाचवीच्या मुलांना हा वार-मीटरचा हिशेब घालून पाहा.

पुढच्या तासाला मोडकी फूटपट्टी द्या, ३ पासून सुरू होणारी. पुष्कळ मुलं पेन्सिलीच्या टोकापाशी आलेला आकडाच लांबी म्हणून सांगतात. आकडा वाचणं वेगळं आणि मधली घरं मोजणं वेगळं, हे मोडकी पट्टी जितकं नीट शिकवते तितकं नवी शिकवत नाही. आधी अंदाज मात्र बोलून घ्यावा, नाहीतर मोजण्यात गंमत राहत नाही.

मोजणं खेळातही असतं. विटीदांडूत अंतर दांडूनं मोजतात: वकट, लेंड, मूंड, नाल. हे शब्द तेलुगू अंकांशी जुळतात. भिवंडीत तेलंगणातून आलेल्या विणकरांची घरं आहेत. अशा घरातल्या मुलाला मोजायला पुढे बोलवा. वर्गात गप्प बसणारं ते पोर त्या दिवशी सगळ्यांना मोजायला शिकवील.

या सगळ्याच्या साहित्याला पैसा लागत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला, तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बालशिक्षणाचं काम उभारलं ते शंख-शिंपले, पानं, बिया घेऊन. आपल्याकडे चिंध्या आहेत, सुताच्या रिकाम्या कांड्या आहेत.

आणि घरून एकच प्रश्न विचारून आणायला सांगा: आज मागावर किती पन्ह्याचं, म्हणजे किती रुंदीचं, कापड चढलंय? उत्तर इंचात येईल. दुसऱ्या दिवशीचा तास तिथूनच सुरू करा.