वेदनेचा पहारा

चुलीवरचा तवा उतरवताना बोट भाजते, हात चटकन मागे येतो आणि भाजल्याची कळ त्यानंतर जाणवते. हा क्रम उलटा वाटला तरी शरीराची रचनाच तशी आहे. बोटाच्या त्वचेत असलेल्या वेदनाग्राही तंतूंच्या टोकांपासून निघालेला संदेश हाताच्या मज्जातंतूतून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तेथूनच स्नायूंना हात मागे घेण्याची आज्ञा सुटते. मेंदूला वर्दी मागाहून पोहोचते. नाक्यावरच्या पहारेकऱ्याने वरिष्ठांच्या हुकमाची वाट न पाहता संकट थोपवावे आणि अहवाल नंतर पाठवावा, तसाच हा प्रकार. शरीरशास्त्रात यास प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

या कारभाराचे मुख्य ठाणे म्हणजे मेंदू. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १.४ किलोग्रॅम असते आणि त्यात अंदाजे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. मेंदूपासून खाली गेलेला मज्जारज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असतो. मेंदूतून १२ आणि मज्जारज्जूतून ३१ मज्जातंतूंच्या जोड्या निघून शरीराच्या कानाकोपऱ्यात पसरतात. काही तंतू बातमी आत आणतात, तर काही आज्ञा बाहेर नेतात. अनेक मज्जातंतूंत दोन्ही प्रकारचे धागे एकत्र गुंफलेले असतात. म्हणूनच एखादा मज्जातंतू निकामी झाला की बधिरता आणि दुबळेपणा बहुधा बरोबरीने येतात.

सर्व संदेश एकाच वेगाने धावत नाहीत. हातपायांची स्थिती कळविणाऱ्या जाड तंतूंतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास जातो. ठणक वाहणाऱ्या बारीक तंतूंतून तो सेकंदाला एक-दोन मीटरच सरकतो. पायाला ठेच लागली असता प्रथम तीव्र कळ आणि क्षणभराने रेंगाळणारा ठणका येतो, तो या वेगांतील फरकामुळे.

डोळा, कान, नाक आणि जीभ यांचे कौतुक शाळेच्या पुस्तकांतून पुष्कळ झालेले आहे. त्वचा मात्र नेहमी यादीत शेवटी येते. वास्तविक, अंध मनुष्य शिकतो, चालतो, संसार करतो; बहिऱ्या मनुष्याचेही तसेच. परंतु त्वचेची संवेदना गेलेल्या मनुष्याचे हातपाय त्याच्या नकळत झिजत जातात. बोटांच्या टोकांची सूक्ष्मता पाहावयाची असेल तर शिक्षकांनी वर्गात एक सोपा प्रयोग करून दाखवावा. कर्कटकाची दोन टोके दोन-तीन मिलिमीटर अंतरावर ठेवून, डोळे मिटलेल्या विद्यार्थ्याच्या बोटाला हलकेच टेकवली, तर ती दोन आहेत हे त्याला बहुधा ओळखता येते. पाठीवर तीच टोके तीन-चार सेंटिमीटर दूर नेली तरी पुष्कळदा एकच वाटतात. बोटांच्या टोकांशी संवेदनाग्राही टोकांची दाटी असते आणि मेंदूतही बोटांसाठी मोठी जागा राखलेली असते, हे त्याचे कारण.

हा पहारा उठला म्हणजे काय होते, हे कुष्ठरोगात पाहावयास मिळते. कुष्ठरोग हा त्वचेचा रोग समजला जातो; खरे पाहता तो तितकाच मज्जातंतूंचाही रोग आहे. नॉर्वेतील बर्गन येथे गेरहार्ड आर्मॉएर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये त्याचे जंतू शोधले. हे जंतू फार सावकाश वाढतात. एकाचे दोन होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे लागण होऊन लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, क्वचित वीस वर्षेही जातात. त्यांना शरीराच्या आतील उष्णतेपेक्षा काहीसा थंड भाग मानवतो, म्हणून त्वचेलगत असलेले मज्जातंतू त्यांच्या तडाख्यात सापडतात. कोपर दाराच्या चौकटीवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हा अनुभव कोणास नाही? त्या जागी मज्जातंतू हाडावर अगदी उघडा पडलेला असतो. कुष्ठरोगात नेमका तोच पुष्कळदा जाड होतो. मग करंगळी व अनामिका बधिर होऊन वाकतात. गुडघ्याच्या बाहेरील बाजूचा तंतू गेला तर पाऊल लुळे पडते. घोट्याच्या आतील बाजूचा गेला तर तळवा बधिर होतो.

कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, अशी समजूत शतकानुशतके चालत आली. तिला शास्त्रीय उत्तर देणाऱ्यांत डॉ. पॉल ब्रँड यांचे नाव अग्रभागी आहे. तमिळनाडूतील कोल्ली टेकड्यांत १९१४ साली जन्मलेले हे शल्यचिकित्सक १९४६ पासून वेल्लोर येथे काम करू लागले. एकदा गंजलेल्या कुलपात त्यांना किल्ली फिरविता येईना. जवळच उभ्या असलेल्या एका लहान रुग्ण मुलाने ती सहज फिरविली. त्या मुलाच्या बोटातून रक्त वाहत होते आणि जखम हाडापर्यंत गेली होती. त्याला मात्र पत्ताच नव्हता. धडधाकट माणसाचे बोट ज्या क्षणी 'पुरे' म्हणते, तो क्षण त्या मुलाच्या बोटाला ठाऊकच नव्हता. अशा शेकडो जखमांचा माग काढून ब्रँड यांनी दाखविले की, बोटांचा नाश प्रामुख्याने न कळलेल्या इजा आणि त्यांत झालेला जंतुसंसर्ग यांमुळे होतो. गरम भांडे, बोटांत विझलेली बिडी, चपलेतून वर आलेला खिळा, इतकेच नव्हे तर रात्री झोपेत बोटे कुरतडणारे उंदीर, अशी त्यांची कारणे निघाली.

डोळ्यांची गोष्ट याहून दुःखद आहे. पापण्या मिटविणारा तंतू दुबळा झाला आणि बुबुळाची संवेदना गेली की धुळीचा कण खुपत नाही. डोळा मिटत नाही, चोळला जात नाही, धुतला जात नाही. जखम होऊन दृष्टी जाते. एक इंद्रिय गेल्यामुळे दुसरे गमावलेला असा मनुष्य बोटांनी ब्रेल लिपीही वाचू शकत नाही.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले. वरोऱ्यात बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना करून आनंदवन उभे केले. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने १९५१ पासून वर्ध्यातून पाहणी, प्रबोधन आणि उपचार अशी गावोगाव जाण्याची पद्धत रूढ केली. पुढे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. सहा किंवा बारा महिन्यांच्या या उपचाराने रोग बरा होतो आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच अवधीत रुग्णापासून होणारा संसर्ग थांबतो. दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट देशाने २००५ च्या अखेरीस गाठले. या आकड्याने अनेक ठिकाणी काम संपल्यासारखे वाटू लागले, हे मात्र बरे झाले नाही. आजही जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण भारतात आढळतात.

रुग्ण उशिरा का येतो? भीती आणि लज्जा ही कारणे आहेतच. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये वैयक्तिक कायद्यांतून वगळले गेले. कायद्यालाच इतका वेळ लागला, तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांविषयी काय बोलावे! परंतु मुख्य कारण साधे आहे. चट्टा दुखत नाही, खाजत नाही. दुखणाऱ्या दातासाठी शेतकरी मजुरी बुडवून तालुक्याला जातो. न दुखणारा चट्टा सदऱ्याखाली वर्षानुवर्षे राहतो.

तपासणीला यंत्रसामग्री लागत नाही. फिकट वा लालसर चट्ट्याला कापसाची वात हलकेच लावावी आणि डोळे मिटलेल्या व्यक्तीस स्पर्शाच्या जागी बोट ठेवावयास सांगावे. प्रथम निरोगी त्वचेवर लावून रीत समजावून द्यावी. स्पर्श कळला नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखविण्यास विलंब करू नये. तेथे तपासणी व औषधे विनामूल्य आहेत. आशा कार्यकर्ती घरी येते तेव्हा अंगावरचा चट्टा लपविला जाऊ नये, यासाठी सरपंचांनी व पंचायत सदस्यांनी स्वतः पुढे होऊन तपासून घेतले तर पुष्कळ संकोच दूर होतो.

वेळेचे महत्त्व मज्जातंतूच्या स्वभावात आहे. बधिरता येऊन सहा महिने उलटलेले नसतील, तर सूज उतरविणाऱ्या स्टिरॉइड औषधांनी संवेदना परत येण्याची शक्यता असते. त्यानंतर ती झपाट्याने मावळते. वाकलेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ करता येतात. चांगल्या स्नायूचा कंडरा वळवून जोडला की हात पुन्हा विळा धरतो, लेखणी धरतो. गेलेली संवेदना मात्र त्याने परत येत नाही. अशा व्यक्तीने हातपाय रोज पाण्यात भिजवून तेल लावावे, तळव्यावर चीर वा फोड आहे का ते डोळ्यांनी पाहावे, मऊ रबराच्या तळाची चप्पल वापरावी. त्वचेचे काम येथून पुढे डोळ्यांना करावे लागते. त्या घरात चहाचे भांडे उतरविण्यासाठी फडके चुलीजवळच टांगलेले असावे आणि ते घेतल्याशिवाय भांड्याला हात लावू नये, याची आठवण घरातल्या लहान मुलांनीही देत राहावी.